टीव्हीवरचा नामा

नामा काल्हेरच्या गोदामात वॉचमन होता. चोरी करायला आलेल्या दोघांनी त्याच्या डोक्यात सळई घातली, तो जागीच गेला. आठ दिवसांत ते दोघं सापडले, कबूलही झाले. गोष्ट एवढीच. ती पोलिसांना, वकिलाला, सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून त्याची बायको बायजाबाई थकून गेली होती.

दोन वर्षांनी, २००७ साली, गुन्ह्यांची मालिका करणाऱ्या एका चॅनलची मृणाली नावाची मुलगी घरी आली. तिलाही बायजाबाईनं सगळं सांगितलं. मुलीनं लिहून घेतलं आणि विचारलं, "तुमचं दोघांचं पटायचं ना?"

"कवा पटायचं, कवा न्हाय. घर म्हटल्यावर व्हायचंच."

महिन्याभरानं तो भाग लागला. नावं बदललेली, पण गोदाम तेच, सळई तीच. फक्त चोरांना दार उघडून देणारी वॉचमनची बायकोच होती, आणि चोरांतला एक तिचा यार.

दुसऱ्या दिवसापासून ती नळावर गेली की बायकांचं बोलणं तुटायचं. शेवटी तिनं शेजारच्या सीताबाईला गाठलं. "चोर पकडले तवा तूच माझ्यासंगं चौकीत होतीस ना?"

"होते की," सीताबाई म्हणाली. "पण टीव्हीवाले उगाच दाखवतील का? काहीतरी असंलच."

दीर हरेशनं काही विचारलंच नाही. त्यानं येणं सोडलं. बायजाबाईनंही मग कुणाला समजवायचं सोडून दिलं.

एका रविवारी दुपारी तोच भाग परत लागला. सासू राहीबाई समोर बसली होती. बायजाबाई टीव्ही बंद करायला उठली.

"राहू दे."

"आई, तुमालाबी खरं वाटतंय?"

"न्हाय गं. मला काय सून ठाव न्हाय?" राहीबाईची नजर पडद्यावरून हलली नाही. "तो बघ, डबा घेऊन निघाला. माझा नामा असाच निघायचा, मागं न बघता. मारायच्या आधी बंद कर."

पडद्यावरचा माणूस उंच, गोरापान होता. नामाशी त्याचं काही जुळत नव्हतं. बायजाबाई तरी सासूशेजारी बसली. पडद्यावरची बायको दाराकडे निघाली तेव्हा तिनं टीव्ही बंद केला.

"परत कवा लागंल?" राहीबाईनं विचारलं.

"बघते," बायजाबाई म्हणाली, आणि तांदूळ निवडायला सूप पुढं ओढलं.