रिझर्वचे नऊ धवले

सकुबाईच्या घरच्या मोटारसायकलीचा पेट्रोलचा काटा दोन वर्षं ‘फुल’वर चिकटून बसला होता. टाकी भरलेली असो की कोरडी, काटा आपला ढेकर दिल्यासारखा वर. “आपल्या सरपंचासारका हाय,” सकुबाई म्हणायची, “कवापन इचारा, गावात कायच कमी नाय.” तिचा मुलगा शेखर टाकी हलवून आतला आवाज ऐकायचा आणि हमखास चुकायचा. सून समीक्षा किलोमीटर मोजायची, पण एक दिवस किलोमीटरच्या काट्याची वायरही तुटली. मग घरात एकच माप उरलं, आणि ते सकुबाईच्या तोंडात होतं.

सकुबाई धवलारीण, लग्नाची गाणी म्हणजे धवले गाणारी. तिने धवला गायल्याशिवाय कुठल्या मांडवात हळद लागत नसे. धवल्यात सगळ्यांना आवतण असतं, रानातल्या देवांना, गावाला, आणि शेवटी गेलेल्या माणसांनाही, एकेकाचं नाव घेऊन. गाडीवर मागे बसली की सकुबाई धवले म्हणत राही, एक संपला की दुसरा. समीक्षाची गाडी चाळिसाच्या वर जात नसे, आणि सासूची चाल कुणाच्या बापाला बदलता येत नसे. गाडीने आचका दिला आणि टाकीखालची चावी रिझर्वला फिरवली, की तिथून नऊ धवले. नववा संपला की गाडी मेली. गेल्या वर्षी दोनदा रस्त्यात उभं राहून पक्कं केलेलं माप होतं ते.

त्या दिवशी दोघी सापगावहून निघाल्या होत्या मुरबाडच्या अंगाला, सरळगावच्या पुढच्या एका वाडीत. सकुबाईची धाकटी बहीण जना वारली त्याला सहा महिने झाले होते, आणि जनाच्या नातीची, रुचिताची, आज हळद होती. पोरीने सकाळीच फोन केला होता.

“आजी, डीजेवाला येऊन बसलाय. पन तू धवल्यात माज्या आजीला बोलवल्याबिगर मी हळद लावून घेनार नाय. दिस मावळायच्या आत ये.”

“बोलवीन की! माजी भन हाय ती, आवतनाबिगर तशीपन यायची नाय. मानाची मोठी भुकेली.”

सापगाव मागे पडलं आणि गाडीने आचका दिला. समीक्षाने चावी फिरवली. थोडं पुढे पंप होता, तर त्याला दोरी बांधलेली. टँकर यायचा होता म्हणे, सांजच्याला.

“आई, थांबायचं का?”

“कशाला? वाट आठ धवल्यांची, पेट्रोल नऊ धवल्यांचं. वरती एक उरतोय. चल.”

वाट आठ धवल्यांची हे तिला ठाऊक होतं, कारण याच गाडीवर, याच वाटेने, अशाच सावकाश चालीने तिचा नवरा काळूराम तिला वर्षानुवर्षं लग्नांना न्यायचा. सापगावच्या पंपापासून पहिला धवला संपला की देवीची घुमटी. तिसऱ्याला वीटभट्टी. आठव्याला वाडीच्या तोंडावरचा उंबर. काळूराम जाऊनही दोन वर्षं झाली होती.

ती गाऊ लागली. शेताशेतांत भाताच्या रोपांसाठी राब भाजले होते, त्यांचा निळा धूर जमिनीवर पसरून झोपल्यासारखा पडला होता. मोहाचा गोड, जड वास मध्येच यायचा आणि मध्येच हरवायचा. ऊन पिकलं होतं. सकुबाईला वाटलं, गाडी चालतच नाही, आपण जागच्या जागी आहोत आणि रस्ताच कुणी मागून ओढून घेतंय, जसं झोपलेल्याच्या अंगाखालून पांघरूण काढावं. पुढे समीक्षाची पाठ होती, की आणखी कुणाची, तेही क्षणभर नीट कळेना.

पहिला धवला संपला. घुमटी आली नाही.

दुसरा सुरू झाला. मग कुठे घुमटी मागे गेली. तिसरा संपला तेव्हा वीटभट्टीचा पत्ता नव्हता.

“काय गो, बैलगाडी हाकतेस का?”

“चाळीसच असंल आई. रोजच्यासारकी.”

“मंग रस्ता कोनी वाढवला? इंजिनेरानी?”

चौथा सुरू झाला, निम्मा झाला, आणि मग लांबवर भट्टीचा धूर दिसला. सकुबाई गायची थांबली.

“बोल. तुज्या पाठीवरनं कळतंय मला, कायतरी गिळून बसलीस.”

“बोलू? रागावनार नाय ना?”

“रागावीन. तरी बोल.”

“आई, तुमी शेवटचं कडवं म्हनत नाय. गेलेल्यांचं. बाबा गेल्यापासनं एकदापन नाय म्हटलं, लग्नातसुदा.”

“दोन वर्सं! आनि सांगितलं नाय कोनी?”

“तुमाला सांगायची छाती कोनाची?”

गाडी भट्टीवरून गेली. सकुबाईच्या डोक्यात सगळं सावकाश उलगडत गेलं. वाट मोजली होती काळूरामच्या मागे बसून, पुऱ्या धवल्यांनी. पेट्रोल मोजलं गेल्या वर्षी, तुटक्या धवल्यांनी. माप एक नव्हतंच. नऊ तुटके म्हणजे पुरे साडेसात होतील, फार तर. वाट आठची. पेट्रोल पुरणार नव्हतं.

पण त्याहून मोठी अडचण दुसरीच होती. शेवटच्या कडव्याचा रिवाज असा की आधी धवलारणीच्या घरचा गेलेला बोलवायचा, मग मांडवाच्या घरचा. म्हणजे आधी काळूराम, मगच जना. आणि चाळीस वर्षांत सकुबाईने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. “अवो” म्हटलं की तो येत असे. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा तिने लाजून जावेला पुढे केलं होतं. ती विसरली नव्हती. जीभच त्या नावापाशी येऊन आपोआप वळत होती, जशी शिकवलेली बैलजोडी बांधापाशी वळते.

“म्हंजे जना आज मांडवाबाहेरच उभी ऱ्हानार,” ती पुटपुटली.

“आई, उतार आला.”

“बंद कर गाडी. जेवढं वाचंल तेवढं वाचू दे.”

समीक्षाने इंजिन बंद केलं. एकाएकी सगळं शांत झालं. चाकांचा तेवढा बारीक आवाज, कानाजवळून वारा, आणि दोन्ही अंगांनी पळस, पेटल्यासारखे. गाडी पाण्यावरून चालल्यासारखी उतरत होती. इंजिनाचा आवाज असता तर सकुबाईला आडोसा मिळाला असता. आता काहीच नव्हतं.

तिने कडवं धरलं.

“पल्याडल्या मानसा, तुजी वाट लई लांब,
मांडवाचे दारी माज्या घडीभर थांब.
नाव घेऊन हाक मारते...”

जीभ वळू लागली. सकुबाईने समीक्षाच्या खांद्यावर हात घट्ट दाबला.

“...काळूराम.”

गाडी एकदम हलली. सासूच्या तोंडून सासऱ्याचं नाव समीक्षाने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

“नीट हाक गो! त्याचं नाव घेतलं म्हनून त्याच्याकडंच पोचवतेस का?”

समीक्षा हसली, आणि हसताना तिने नाक ओढलं. उतार संपेपर्यंत सकुबाईने ते नाव आणखी तीनदा घेतलं. चव बघितल्यासारखं.

इंजिन पुन्हा चालू झालं आणि पुढचे धवले तिने पुरे गायले. उंबर दिसत होता, पण त्याच्या अलीकडे, सपाट रस्त्यावर, गाडीने दोन उसासे टाकले आणि थांबली. समीक्षाने टाकी हलवून कान लावला. आत थेंबाचा आवाज नव्हता.

सूर्य टेकडीवर वीतभर उरला होता. सून गाडी ढकलू लागली आणि सासू पुढे चालू लागली, गात. वाडीत डीजेची गाणी बंद झाली. मांडवाच्या दारात पिवळं लुगडं नेसून रुचिता उभी होती, हात कोरडे, हळदीची वाटी तशीच भरलेली.

“आजी, दिस चालला!”

“जाऊ दे दिसाला. त्याला कोनी आवतन दिलंय?”

मांडवात सकुबाईने शेवटच्या कडव्यापर्यंत श्वास पुरवला. मग मान वर करून, सगळ्या सोयऱ्यांसमोर, मोठ्याने काळूरामला बोलवलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग तिने जनाला बोलवलं, आणि रुचिताने डोळे मिटून गाल पुढे केला.

हळद लागली तशी सकुबाई खांबाला टेकून बसली. समीक्षा पाणी घेऊन आली.

“शेखरला सांगून ठेव,” सकुबाई म्हणाली. “रिझर्वला नऊ नाय. साडेसात. पुरे धवले.”