ओतखात्याची ढाल

“काका, तुमी आधी गाळून राहिले न मंग बेरीज करून राहिले,” वसुंधरा दौलतरावांच्या खुर्चीमागून हळूच म्हणाली. झालं! दौलतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

जामुल रस्त्यावरच्या त्या ओतकामाच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यापुढे पहिले बसले ते दौलतराव. या पोरीला शिकवलं तेही त्यांनीच. आणि आता कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख नेमायची वेळ आली, तर साहेबांच्या तोंडी सारखं वसुंधरा, वसुंधरा! कोहक्याला घरी जेवायला बसले तरी दौलतरावांना घास गोड लागत नव्हता.

साहेबांना सर्वांत सुरक्षित खात्याला बक्षीस म्हणून ढाल द्यायची होती. वर्षभरात ज्या खात्यांत फार माणसं जखमी झाली, त्यांची नावं कॉम्प्युटरनं काढायची. ज्याचं नाव निघणार नाही, त्याला ढाल. दौलतरावांनी अट आधीच घालून टाकली: ज्या दिवशी एखाददुसराच जखमी, तो दिवस सोडा. ओतखात्यात तर रोज एखादाच भाजायचा. त्याचे सगळे दिवस गळून गेले, बेरजेला काही उरलंच नाही. आधी खात्याखात्याची बेरीज करा आणि मग त्या बेरजेला अट लावा, एवढंच वसुंधरेचं म्हणणं.

ते खरं होतं, आणि तेच दौलतरावांना डाचलं. हिचं ऐकून दुरुस्ती केली की खुर्ची हिचीच.

“तू मले शिकवून राहिली का?” ते म्हणाले. मग, बरं, करतो दुरुस्त, असं सांगून तिला घरी पाठवलं आणि होता तोच कागद साहेबांकडे दिला.

समारंभात ढाल ओतखात्याला मिळाली. विभागप्रमुख म्हणून दौलतरावांचं नाव पुकारलं गेलं. वसुंधरेनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, बस्स.

मग ओतखात्याचा सुखराम पेढे घेऊन आला. दोन्ही हातांना पट्ट्या, डबा कोपराच्या खोबणीत धरलेला.

“तुंहरे मशीन के किरपा आय, बाबू,” तो म्हणाला.

कधी भाजलं, वसुंधरेनं विचारलं.

“ये तो रोज के आय, दीदी.”

तिनं पेढा घेतला नाही. त्याची सुटत आलेली पट्टी ती नीट बांधू लागली. दौलतरावांना तिचा पुन्हा हेवा वाटला, पण या वेळी खुर्चीसाठी नाही. पेढा त्यांच्या हातातच होता. सुखराम कौतुकानं त्यांच्याकडे बघत उभा होता, म्हणून त्यांनी तो तोंडात टाकला.