पीठमास्तरांचं घड्याळ

पीठमास्तर हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं होतं आणि ते इतक्यांदा घेतलं, की शेवटी लोकांनाही सवय झाली. पोटापाण्यासाठी मास्तर गाद्या विकायचे. गादीवर तळवा दाबून गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंडाळण्यात त्यांचा हात कोणी धरू शकला नसता. तोच हात पिठात गेला, की मात्र त्याची पार रया जायची.

हे गुपित दोघींनाच ठाऊक होतं. एक त्यांची बायको आणि दुसरी त्यांची धाकटी बहीण, जी मोबाइल धरून व्हिडिओ काढायची. पहिल्याच व्हिडिओत, पिझ्झ्याचं पीठ घरी कसं करायचं हे जगाला शिकवायला निघालेले मास्तर कोपरापर्यंत चिकट्यात रुतले. चिकटतंय म्हणून मैदा, घट्ट झालं म्हणून पाणी, असं करत परातीत जे तयार झालं त्याने भिंतीवर कागद डकवता आले असते. शेवटी बायकोने त्यांना बाजूला सारलं, त्यांचा पांढरा कोट अंगात चढवला आणि नव्याने पीठ मळून दाखवलं. मोबाइल वरून रोखलेला, त्यात फक्त हात दिसत होते. आवाज मास्तरांनी दिला. बोलण्याच्या भरात पीठ लोण्यासारखं मऊ आहे म्हणाले आणि सवयीने पाठीला आराम पडेल असंही म्हणून गेले. लोकांना तेही पटलं.

मग तोच पायंडा पडला. बायकोचे हात मुळात थोराड, पंजा रुंद. पाहुणे आले की हात मागे ठेव, असं आईने लहानपणापासून बजावलेलं. आता त्याच हातांवर अनोळखी माणसं जीव ओवाळून टाकत होती. काय हात आहेत मास्तरांचे, असं कोणी लिहिलं की मास्तर ते जेवताना बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचे. वाचताना त्यांचा चेहरा इतका कृतकृत्य असायचा, की जणू ते हात त्यांचेच. कोणाला शंका नको म्हणून तिच्या नखांना रंग बंद झाला, बोटातली अंगठी डब्यात गेली आणि मनगटावर मास्तरांचं रुंद पट्ट्याचं घड्याळ आलं. घड्याळाचा पट्टा आणि त्याच्या वर, तिच्या हातावरचा भाजल्याचा जुना डाग आता सगळे ओळखत होते. तिला कोणीच ओळखत नव्हतं.

अशात भांड्यांच्या एका मोठ्या दुकानाने मास्तरांना प्रात्यक्षिकाला बोलावलं. मास्तर हुरळले आणि मग रात्रभर तळमळले. सकाळी त्यांनी तोड काढली. बायकोने घरी पीठ मळून, फुगवून डब्यात द्यायचं. मास्तर तिथे यीस्ट कोमट पाण्यात भिजवणार, मैद्यात ओतणार, तोंडाचा पट्टा चालवणार आणि टेबलाखालून तयार गोळा वर काढणार.

तिने गोळा करून दिला. निघताना एकच मागितलं.

"आज तरी सांगा, हात कोणाचे आहेत ते."

सांगतो ना, शेवटी सांगतो, असं मास्तर म्हणाले आणि तिच्या मनगटावरचं घड्याळ सोडवून स्वतःच्या हातात घातलं.

दुकान भरून गेलं होतं. नणंद मोबाइल घेऊन पुढे, बायको मागच्या खुर्चीवर. यीस्टला फेस आला, मैद्यात पाणी गेलं, मास्तरांची जीभ नुसती घसरगुंडीवर होती. दुकानाच्या मालकाने विचारलं, की ही कला शिकलात कोणाकडे? मागच्या खुर्चीवर बायको सावरून बसली.

"शिकून येत नाही हो," मास्तर म्हणाले, "हे हातातच असावं लागतं."

टाळ्या पडल्या. बायकोला भर सभेत आपले हात कापून नेल्यासारखं वाटलं. त्या क्षणी तिला त्यांचा मनापासून राग आला.

आता तयार गोळाच दाखवतो म्हणत मास्तर टेबलाखाली वाकणार, तोच पहिल्या रांगेतल्या चष्मेवाल्या बाईंनी हात वर केला. गोळा नको, मळूनच दाखवा, आमचं घोडं तिथेच तर अडतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. सगळ्यांनी री ओढली. मास्तरांनी हात घातला. पिठाने तो धरला आणि सोडायचं नाव घेईना. मास्तरांनी मैदा ओतला, मग पाणी, मग पुन्हा मैदा. बोटांना पोतेरं लटकल्यासारखं पीठ लोंबू लागलं. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली.

"माझी मिसेस आलीय," मास्तर कसंबसं हसत म्हणाले. "भांडीबिंडी धुवायला मदत करते. अगं, जरा ये, परात धर."

ती उठली, टेबलापाशी आली. परात धरली नाही. बाह्या वर सारल्या आणि हात पुढे केला.

"घड्याळ द्या आधी."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि पिठाळ बोटांनी पट्टा सोडवून दिला. तिने तो पुसला, मनगटावर बांधला, डागाच्या खाली, नेहमीच्या जागी. मग परातीतला चिखल बाजूला सारून ताजा मैदा घेतला, भिजवला आणि जरा वेळ नुसता झाकून ठेवला. तिने मळायला घेतलं. तळव्याने लोटायचं, दुमडायचं, वळवायचं. थोड्या वेळात गोळा परात सोडून हाताशी आला. एक तुकडा तिने ताणून धरला, इतका पातळ की पलीकडचा दिवा दिसला.

चष्मेवाल्या बाई उठून टेबलापर्यंत आल्या. आधी डागाकडे, मग तिच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "अहो, हे हात तर मी रोज बघते."

मास्तरांना अजून वाटत होतं, बोलून सावरता येईल. ते केस नीट करत बायकोशेजारी सरकले आणि घसा खाकरला. नणंदेने इतके दिवस कोपरापर्यंतचे हातच टिपणारा मोबाइल हळूहळू वर नेला, वहिनीच्या चेहऱ्यापर्यंत.

"दादा, बाजूला हो," ती म्हणाली. "मध्ये येतोयस."