विश्वजीत मुद्दाम चुकला का?

डोळे मिटा बघू. हां, असे. आता समजा, तुम्ही एका सभागृहात स्टेजवर उभे आहात. तुमच्या पाठीला तुमच्या मैत्रिणीची पाठ टेकलेली आहे. तिचा श्वास कळतोय, पण तोंड दिसत नाही. समोर खुर्च्या भरल्या आहेत आणि सगळी माणसं तुमच्याकडंच बघतायत. माइकवरून तुम्हाला एक इंग्रजी शब्द विचारला जातो. त्याचं स्पेलिंग तुम्हाला जवळजवळ सगळं येतं. फक्त एका अक्षरापाशी गाडी अडते. आणि तुम्हाला हेही पक्कं ठाऊक आहे, की तुम्ही चुकलात तर समोरचा एकही माणूस म्हणणार नाही, 'बिचाऱ्याला येत नव्हतं.' सगळे म्हणतील, 'मुद्दाम चुकला!'

असं कसं होईल, म्हणता? मग डोळे उघडा आणि ऐका.

राहू गावाजवळच्या एका वाडीत विश्वजीत सहावीत शिकत होता. त्याच्याच वर्गात नीलम होती. दोघांना इंग्रजी शिकवायच्या सविताबाई. बाईंची शिकवायची तऱ्हा जरा निराळी होती. इंग्रजीत काही शब्द असे असतात, की कानाला अगदी सारखे आणि लिहायला मात्र वेगळे. एक 'मीट' म्हणजे भेटणं आणि दुसरं 'मीट' म्हणजे मटण. एक 'देअर' म्हणजे तिथं आणि दुसरं 'देअर' म्हणजे त्यांचं. बाई म्हणायच्या, "हे शब्द जोडीनं येतात आणि जोडीनंच फसवतात. मग आपणही जोडीनंच शिकू." त्या दोन-दोन पोरांची जोडी लावून द्यायच्या. जोडीतला एक शब्द एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. आपला शब्द आपण नीट शिकायचा आणि जोडीदाराला शिकवायचा. जोडीदार चुकला, तर बाई त्याला नाही, शिकवणाऱ्याला उभं करायच्या.

विश्वजीत आणि नीलमची जोडी वर्गात सगळ्यांत पुढं होती. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर डबा खाता खाता त्यांचं चालायचं.

"आज मटणाचं मीट का भेटायचं?"

"तुझ्या डब्यात मटकी हाय. गप बस."

पुढं वाडीत सोसायटीची निवडणूक लागली. सोसायटी म्हणजे गावाला खतं-बियाणं देते ती. विश्वजीतचे आजोबा बबनराव तिचे कित्येक वर्षांचे चेअरमन होते. त्यांना सारं गाव आबा म्हणायचं. त्यांच्याविरुद्ध पॅनेल उभं केलं नीलमच्या वडलांनी, मच्छिंद्रनं. आबांचं पॅनेल पडलं. पडलं ते पडलं, वर मच्छिंद्रच्या पॅनेलच्या पोरांनी मिरवणूक काढली, ती नेमकी आबांच्या दारासमोर थांबवली. डीजे वाजत राहिला आणि गुलाल उंबऱ्याच्या आत उडाला. आबा खुर्चीवरून उठले नाहीत. धोतरावरचा गुलाल त्यांनी झटकलासुद्धा नाही. विश्वजीतनं ते दारामागून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आबा स्वतः शाळेत आले. "बाई, आमचं पोरगं त्या पोरीपाशी बसणार न्हाई."

बाक बदलला. कट्टा बंद झाला. पण जोडीचं नाव तोवर शिरूरच्या इंग्रजी स्पेलिंगच्या स्पर्धेला गेलं होतं. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांतल्या शाळांची ती स्पर्धा. जिंकलेली जोडी पुण्याला जाणार. बाईंनी नाव काही मागं घेतलं नाही.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, पोरानं काही नाव काढलं की गावच्या चौकात फ्लेक्स लागतो. पोराचा फोटो खाली बारका, आणि वर पुढाऱ्यांचे मोठे मोठे. ही जोडी जिंकली तर फ्लेक्स एकच लागणार, आणि त्यावर दोन्ही घरचे फोटो येणार. चहाच्या टपरीवर कुणीतरी आबांना ते मुद्दाम बोलून दाखवलं.

"काय आबा, आता तुम्ही आन् मच्छिंद्र एकाच फ्लेक्सवर!"

आबा बशीतला चहा फुंकत म्हणाले, "पोरगं शिरूरला जाईल. जिंकंलच, असं कुटं हाय?"

टपरी खदखदून हसली. दिवस मावळायच्या आत ते बोलणं घराघरांत पोचलं. आणि त्याच संध्याकाळी आबांनी विश्वजीतला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "इश्वा, तितं एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं, तर आबा काय रागवायचा न्हाई बरं का."

विश्वजीत 'व्हय' म्हणाला नाही आणि 'न्हाई'ही म्हणाला नाही. आबांच्या हाताखाली त्याची पाठ नुसती ताठ झाली.

स्पर्धेच्या दिवशी विश्वजीत आबांच्या जीपमधून निघाला. नीलम आणि बाई मच्छिंद्रच्या पिकअपमधून. त्या पिकअपमधून एरवी फुलं आणि भाजी मार्केट यार्डात जायची. दोन्ही गाड्या न्हावऱ्यावरून एकामागं एक शिरूरला आल्या, पण कुणी कुणाला हात केला नाही. सभागृह एसटी डेपोच्या जवळच होतं. आत आबा डाव्या बाजूला पहिल्या रांगेत बसले आणि मच्छिंद्र उजव्या बाजूला. मधल्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

पडद्यामागं जोड्या उभ्या होत्या. नीलमनं विश्वजीतला कोपऱ्यात गाठलं.

"खरं सांग, इश्वा. तू चुकणार हाईस?"

"येडी हाईस का?"

"समदं गाव म्हनतंय."

"म्हनू दे."

"तुझं आबा तसं म्हनलं का न्हाई?"

विश्वजीत बुटाच्या टोकाकडं बघत राहिला.

"म्हंजी म्हनलं!"

"म्हनलं. पण मी व्हय म्हनलो न्हाई."

"मग न्हाई तरी म्हनलास का?"

विश्वजीतला आणखी एक गोष्ट सांगायची होती, ती त्यानं मनातच ठेवली. त्याचं झालं होतं असं. एक 'स्टेशनरी' म्हणजे जागेवरून न हललेलं, आणि दुसरी 'स्टेशनरी' म्हणजे वह्या, पेनं, खोडरबर. दोन्हींत सगळी अक्षरं सारखी. फक्त शेवटाकडं एका ठिकाणी एकीत ए आणि दुसरीत ई. ही जोडी नीलम त्याला शिकवणार होती, त्याच दिवशी आबा शाळेत आले. पुढं बाईंनी त्याला फळ्यावर त्यातला एक शब्द लिहायला सांगितला. त्यानं अंदाजानं अक्षर घातलं आणि ते बरोबर निघालं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. नीलमनंही वाजवल्या. तुक्का लागलाय, हे टाळ्यांच्या आवाजात तो कुणाला सांगणार?

आत्ता सांगावं का? पण आत्ता सांगितलं तर नीलमला वाटणार, बघा, हा आतापासून चुकायचं निमित्त शोधतोय.

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं.

स्पर्धेचा नियम सोपा होता. जोडीनं पाठीला पाठ लावून उभं राहायचं, म्हणजे ओठ हलवून खूण करता येत नाही. परीक्षक आधी इंग्रजी वाक्य वाचणार, मग त्यातला शब्द सांगणार आणि ज्याचं नाव घेतील त्यानं स्पेलिंग करायचं. एक चुकला की दोघंही खाली.

जोड्या एकेक करत गळत गेल्या. नीलमचा आवाज खणखणीत होता, विश्वजीतचा जरा बारीक, पण दोघं टिकून राहिले. शेवटी स्टेजवर दोनच जोड्या उरल्या. दुसरी जोडी शिरूरचीच होती. तिनं आपला शेवटचा शब्द बरोबर सांगितला आणि सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. आता यांना चुकायची सोय नव्हती.

परीक्षकांनी चष्मा वर सरकवला. "राहूची जोडी. विश्वजीत, तू. वाक्य ऐक. द बस वॉज स्टेशनरी ॲट द डेपो. शब्द, स्टेशनरी."

नेमका त्याच जोडीतला शब्द! मागं नीलमनं मात्र सुटकेचा श्वास सोडला. तो त्याला पाठीतून कळला. तिनं त्याला या जोडीतला शब्द फळ्यावर बरोबर लिहिताना पाहिलं होतं, म्हणजे तिच्या मते हा तर हातचा होता.

"सर, वाक्य परत सांगता का?"

"सुरू झालं नाटक!" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. दोन-चार जण हसले. परीक्षकांनी वाक्य परत वाचलं.

बस डेपोत उभी आहे. हलत नाही. अर्थ अगदी स्वच्छ होता. विश्वजीतनं सुरुवात केली. "एस. टी. ए. टी. आय. ओ. एन."

आणि तो थांबला.

आता ए, का ई? त्यानं डोळे मिटले. शाळेचा फळा दिसला, त्यावर आपलं वाकडं अक्षर दिसलं, शेजारी बाईंची बरोबरची खूण दिसली. तिथं आपण ई काढला होता, हे नक्की आठवलं. पण बाईंनी तेव्हा विचारलं काय होतं? उभं राहणं, का वह्या-पेनं? ते काही केल्या आठवेना. डोळे उघडले तर समोर आबा. हाताची घडी घातलेली, टोपी नीट बसवलेली, आणि नजर नातवावर रोखलेली. दुसऱ्या बाजूला मच्छिंद्र खुर्चीच्या कडेवर पुढं सरकून बसला होता. पाठीमागं नीलमचा श्वास थांबला होता.

"वेळ होत आलाय, बाळ."

"ई," विश्वजीत म्हणाला. "आर. वाय."

घंटी वाजली. चुकल्याची.

मग विश्वजीतच्या पाठीला एकदम गार लागलं. नीलम बाजूला झाली होती. ती त्याच्याकडं न बघता पायऱ्या उतरून निघून गेली.

बाहेर रसवंतीपाशी आबा उभे होते. विश्वजीत दिसताच त्यांनी त्याला छातीशी धरलं. "शाब्बास रं माझ्या वाघा!" ते असे बोलले, की पिकअपपाशी उभ्या असलेल्या मच्छिंद्रला ऐकू जावं. "ए भाऊ, रस दे एक. मोठा ग्लास दे, बर्फ नको."

"आबा, मी मुद्दाम न्हाई चुकलो. मला येत नव्हतं."

आबांनी डोळा बारीक केला आणि हसले. "व्हय, व्हय. येतच नव्हतं तुला. माझं पोरगं हुशार हाय."

"आबा, खरंच."

"अरं, मी कुटं खोटं म्हनतोय?" आणि त्यांनी रसाचा ग्लास त्याच्या हातात दिला.

मच्छिंद्र पिकअपचा मागचा फाळका आपटत म्हणाला, "बबनराव, नातवाला लई झ्याक शिकवलंत! निवडणूक हारली, आन् सूड उगवला तो माझ्या पोरीवर."

"आन् गुलाल कुनी टाकला व्हता आमच्या घरात? तवा न्हाई सुचलं?"

पिकअपच्या मागच्या भागात रिकाम्या क्रेटवर नीलम बसली होती. तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं होतं आणि ओढणीच्या टोकानं नाक पुसत होती. 'शाब्बास' तिनंही ऐकलं होतं.

विश्वजीत ग्लास हातात धरून तिच्याजवळ गेला. "नीले, मला खरंच येत नव्हतं."

"फळ्यावर लिवला व्हतास की."

"त्यो तुक्का व्हता."

"रस पी जा तुझा," ती म्हणाली. "गरम व्हईल."

सविताबाई सगळं बघत होत्या. त्यांनी विश्वजीतला जरा बाजूला घेतलं. "काय झालं होतं वर?" त्यानं सांगितलं. फळा, तुक्का, टाळ्या, न झालेली शिकवणी, सगळं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"माझा विश्वास आहे तुझ्यावर," त्या शेवटी म्हणाल्या. "पण नुसता माझा असून भागायचं नाही, होय ना?"

विश्वजीतनं मान हलवली. नाही भागायचं. पण येत नव्हतं, हे माणसानं दाखवावं तरी कसं? येतं, हे दाखवता येतं. शब्द सांगितला की झालं. येत नव्हतं, याचा पुरावा कुठून आणायचा? आबा तर स्वतःच मानायला तयार नव्हते. उलट आता वाडीत गेल्यावर तेच टपरीवर बसून ही गोष्ट रंगवून सांगणार, आणि लोक विश्वजीतच्याही पाठीवर थाप मारणार. उद्यापासून वर्गात नीलम दुसऱ्या कुणाबरोबर तरी बसणार.

"चल इश्वा, बस गाडीत," आबांनी हाक मारली. जीपचं दार उघडं होतं. तिकडं मच्छिंद्रनं पिकअप सुरू केली.

विश्वजीतनं रसाचा ग्लास, एक घोटही न घेता, रसवंतीच्या बाकड्यावर ठेवला. तो जीपपाशी गेला. आबांना वाटलं, बसतोय. पण त्यानं आतून आपलं दप्तर ओढून काढलं, रस्ता ओलांडला, पिकअपच्या चाकावर पाय ठेवला आणि फाळक्यावरून आत उतरला.

"ए, कोन चढलंय रं?" मच्छिंद्र खिडकीतून ओरडला.

"इश्वा!" आबांचा आवाज चढला. "उतर खाली! ऐकू येतंय का न्हाई? उतर म्हनतोय ना!"

आबांचा शब्द विश्वजीतनं आजवर कधी मोडला नव्हता. तरी तो उतरला नाही. नीलमसमोरचा क्रेट त्यानं पालथा केला, त्यावर बसला, दप्तरातून वही काढली आणि आबांना, मच्छिंद्रला, रसवंतीवाल्याला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,

"नीलम, स्टेशनरीतलं मला काय बी येत न्हाई. पहिल्यापासनं शिकव."