नंदाबाईचा डबा

"चिंध्यांचं काहीतरी!"

नंदाबाईनं डबा अजून सतरंजीवर टेकवलाही नव्हता, हलवणं तर दूरच. तरी मोनालीनं ओरडून सांगितलं आणि सगळ्या जणी खो खो हसल्या. अनघाताईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "बटवा की उशी, तेवढं सांग फक्त."

"बटवा," मोनाली म्हणाली.

बटवाच होता. हिरव्या काठाचा, आत अस्तर लावलेला, तळहाताएवढा. नंदाबाईनं तो मुकाट्यानं मोनालीच्या हातात दिला आणि सगळ्यांबरोबर आपणही हसली. असं हसण्याची तिला सवय होती.

यवतमाळातल्या या नऊ-दहा बायकांचा हा दरवर्षीचा उद्योग. भुलाबाईच्या दिवसांत, म्हणजे भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी या महिन्यात, एका रविवारी दुपारी अनघाताईंच्या हॉलमध्ये जमायचं. अनघाताई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे पुढारपण त्यांच्याकडे. प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं केलेली, तळहातावर मावेल अशी एक वस्तू बंद डब्यात घालून आणायची. विकत आणलेलं चालायचं नाही, आणि विकायचं तर नावच काढायचं नाही. भुलाबाईचा खाऊ ओळखतात तसा डबा हलवायचा, कानाशी धरायचा, आणि आत काय ते सांगायचं. जी ओळखेल तिची ती वस्तू. कुणालाच ओळखता आली नाही, तर सगळ्यांनी एका सुरात 'हरलो' म्हणायचं, आणि मग त्या करणारीनं सगळ्यांच्या वस्तूंमधून हवी ती उचलायची. आपली वस्तूही मनाला येईल तिला द्यायची. असं क्वचितच व्हायचं. झालं की वर्षभर तिचं नाव निघायचं.

नंदाबाईच्या बाबतीत ते होणं शक्यच नव्हतं. आर्णी रोडला तिचं फॉल-पिकोचं दुकान. दुकान कसलं, एक शटर, दोन मशिनी आणि कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं. ब्लाउज शिवून उरलेलं कापड त्या पोत्यात जायचं आणि त्यातूनच तिचं जे काय व्हायचं ते व्हायचं. एक वर्ष बटवा, एक वर्ष उशी, मग पुन्हा बटवा. आणि हे एका डब्याचंच नव्हतं. बाजारात तिनं तोंड उघडायच्या आत भाजीवाला तिची मिरची-कोथिंबीर बांधून ठेवायचा. गिऱ्हाइकं कपडा टाकून जाताना "नेहमीसारखंच" एवढंच बोलायची. बाई सरळ, दोऱ्यासारखी. तिच्यात ओळखण्याजोगं काय असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं.

त्या दिवशी बाहेर श्रावण ऑटो घेऊन थांबला होता. श्रावण म्हणजे तिचा नवरा.

"कोणं ओळखलं?" त्यानं विचारलं.

"मोनालीनं."

"डबा हालवून का न हालवता?"

नंदाबाई ऑटोत चढून बसली. श्रावण मनापासून हसला. "तुह्यं ओळखाले काय लागते वं? इतका संसार झाला, एक डाव तरी तू मले चकवलं का?"

तो काही वाईट माणूस नव्हता आणि त्यानं ते वाईट मनानं म्हटलंही नव्हतं. पण नंदाबाईला ते असं लागलं की घरी आल्यावर तिनं चहा ठेवला आणि त्यात साखर घालायची विसरली. आयुष्यभर एकाच्याही अंदाजापलीकडे आपण गेलो नाही, याचं तिला रडू आलं. मग रडण्याचाही राग आला. पुढच्या भुलाबाईला या सगळ्यांच्या तोंडून 'हरलो' वदवून घ्यायचं, असं तिनं तिथेच ओट्यापाशी ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. दिवाळीत तिनं बटव्याला आतून घुंगरू लावले, डब्यात घातला आणि श्रावणपुढं हलवला.

"काय हाय सांगा."

"चिंध्या," श्रावण म्हणाला. "न् वरतून घुंगरू."

मग तिनं उशीत खडे भरून पाहिले. "चिंध्या न् गोटे," श्रावण म्हणाला, पेपरातून मान वर न काढता.

संक्रांतीच्या सुमारास अनघाताई दुकानात ब्लाउज टाकायला आल्या. जांभळी इरकल होती. त्या म्हणाल्या, "मापाला जुनं ब्लाउज आणायचं विसरले बघ."

"लागत नाही," नंदाबाई म्हणाली.

खरंच लागत नव्हतं. अनघाताईंना मागचा गळा उंच लागतो, कारण मानेवरचा डाग त्यांना दाखवायचा नसतो. मोनालीची बाही दंडाला सैल लागते, कारण ती बोलताना हात उडवते. गटातल्याच रुखमाबाईंचा उजवा खांदा पडलेला आहे, म्हणून त्या बाजूला आतून कापडाची जराशी घडी घालायची, म्हणजे अंगात घातल्यावर दोन्ही खांदे सारखे दिसतात. हे रुखमाबाईंनी कधी सांगितलं नव्हतं आणि नंदाबाईनंही कधी विचारलं नव्हतं. शिवणारीच्या हाताला जे कळतं ते तोंडापर्यंत आणायचं नसतं, हा तिचा धंद्यातला रिवाज होता.

अनघाताई गेल्या. इरकलीचा तुकडा हातात धरून नंदाबाई पोत्याकडे बघत बसली. त्या पोत्यात मोनालीच्या लग्नातला शालू होता. रुखमाबाईंची नातवाच्या बारशाची पैठणी होती. साऱ्या जणी त्या पोत्यात एकमेकींच्या अंगावर पडलेल्या होत्या. आणि तिला एकदम हसू फुटलं. यांनी मला ओळखलं म्हणतात. मी यांना किती ओळखते, हे यांना कुठं माहीत आहे?

संक्रांतीची बोरं घरात आलेलीच होती. तिनं बिया धुऊन वाळवल्या. बोराची बी गोल, टणक आणि सुरकुतलेली. यांच्या वयाला शोभतील अशी बाहुल्यांची डोकी आयती मिळाली. अंगाला चिंचोके घेतले. एकेका चिंचोक्यावर जिचं तिचं कापड चढवलं, पदर काढले, निऱ्या टाचल्या. मोठ्या मापाचं ब्लाउज शिवणं परवडलं, पण चिंचोक्याच्या अंगाला बाही लावताना तिचे डोळे पाण्यानं भरायचे. महाशिवरात्रीला कवठं आली. त्यातलं चांगलं मोठं कवठ तिनं करवतीच्या पात्यानं मधोमध चिरलं. श्रावणनं सलग तीन दिवस कवठाची चटणी खाल्ली आणि एकदाही विचारलं नाही की हे काय चाललंय.

कवटी वाळली. तापवलेल्या दाभणानं भोकं पाडून तिनं दोन्ही अर्धी एका बाजूनं दोऱ्यानं जोडली, म्हणजे डबीसारखं उघडमीट व्हावं. बाहुल्यांचे हात एकाच दोऱ्यात ओवून त्यांचं कडं केलं आणि ते सैलसर आत बसवलं. पावसाळा संपता संपता सगळं डब्यात गेलं आणि तिनं चहाच्या वेळी डबा श्रावणसमोर हलवला.

श्रावणनं बशी खाली ठेवली. "पुन्हा हालव."

तिनं पुन्हा हलवला.

"सुपाऱ्या?"

"नाई."

"पोराचा खुळखुळा?"

"नाई."

"गोट्या हायेत मंग. नाई? रुद्राक्ष?" त्यानं डबा हिसकून घेतला, कानाशी धरला, वास घेतला. "चिंध्या तं नाई वाजत अशा. काय हाय वं?"

"हरलो म्हना."

"हरीन कायले? सांगतो मी." आणि तो सांगेना. ऑटो चालवताना मध्येच त्याचा फोन यायचा, "काचेचे मणी का?" नंदाबाई मशीन न थांबवता "नाई" म्हणायची. त्या दिवसांत ती दुकानात गुणगुणायला लागली होती.

रविवार उजाडला. अनघाताईंच्या हॉलमध्ये मातीचे भुलाबाई-भुलोजी पाटावर बसलेले, समोर ज्वारीची कणसांसकट धांडं उभी केलेली. डबे एकेक करून फिरू लागले. मोनालीनं अनघाताईंचा डबा हलवून "कागद, म्हणजे चित्र" असं सांगितलं आणि त्यांचं पळसाचं छोटं चित्र मिळवलं. ते चित्र साऱ्यांच्याच डोळ्यांत होतं. मोनालीनं ते मांडीवर ठेवून वर हातही ठेवला.

मग नंदाबाई पुढं झाली.

"चिंध्यांचं—" मोनालीनं सुरुवात केली आणि तेवढ्यात नंदाबाईनं डबा हलवला.

सगळ्या पुढं सरकल्या. आवाज मण्यांचा नव्हता आणि धान्याचाही नव्हता. आत कुणी दबक्या आवाजात कुजबुजावं तसा तो होता.

"नियम तोच," नंदाबाई म्हणाली. "एकीनं एकडावच सांगाचं."

"खुळखुळा," मोनाली म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता.

"नाई."

माळ झाली, मण्यांचा पोपट झाला, सागरगोटे झाले. डबा हातोहात फिरत होता आणि नंदाबाईचं काळीज त्याच्यामागून फिरत होतं. तो रुखमाबाईंकडे आला. त्या सगळ्यांत म्हाताऱ्या. त्यांनी डोळे मिटून डबा कानाशी धरला आणि म्हणाल्या, "अवं, याच्यात तं बाया बसून बोलून राह्यल्या!"

सगळ्या हसल्या. नंदाबाई तेवढी हसली नाही. वर्षभराची मेहनत या म्हातारीनं एका दमात ओळखली होती. अनघाताई हसत म्हणाल्या, "हाच अंदाज धरायचा का तुमचा?"

रुखमाबाईंनी डबा खाली ठेवला. नंदाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"नाई वो, गंमत केली," रुखमाबाई म्हणाल्या. "सुपाऱ्या असतीन."

"नाई," नंदाबाई म्हणाली.

आता अनघाताई उरल्या. त्यांना चकवणं सोपं नव्हतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, जणू आवाज दिसणार होता. डबा उभा हलवला, आडवा हलवला, तोलून पाहिला. बराच वेळ गेला. कुणी हसलं नाही.

"लाकडी काहीतरी आहे," त्या अखेर म्हणाल्या. "बुद्धिबळातली प्यादी. आणि एक सांगते, या वेळी चिंध्या नाहीत, एवढं नक्की."

"नाई ताई," नंदाबाई म्हणाली. "प्यादीबी नाई. न् हायेत त्या चिंध्याच."

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. नंदाबाई ताठ बसली होती. एवढ्या वर्षांत या हॉलमध्ये ती कधी अशी बसली नव्हती.

"बरं बाई," अनघाताई म्हणाल्या. "हरलो."

"सगळ्याइनं म्हना."

"हरलो!" सगळ्या म्हणाल्या.

"आवाज नाई आला."

"हरलो गं बाई, हरलो! उघड आता!" मोनाली किंचाळली.

नंदाबाईनं घाई केली नाही. डब्याचं झाकण काढलं, आतून कवठ काढलं, सतरंजीच्या मधोमध ठेवलं आणि बोटानं वरची कवटी उचलली.

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग मोनाली ओरडली, "अगं, हा माझा शालू!" आणि एकच गलका झाला. जांभळ्या इरकलीतली बाहुली, ब्लाउजच्या हुकाची तार वाकवून केलेला चष्मा कपाळावर, गळा मागून उंच. एक जण एक हात वर करून तोंड उघडून बसलेली, ती कोण हे विचारावंच लागलं नाही. ज्या सगळ्या जणी एका कवठापुढं हरल्या होत्या, त्यांनी एका क्षणात स्वतःला ओळखलं. अनघाताईंनी नकळत मानेमागे हात नेला आणि नंदाबाईकडे पाहिलं. मग हात खाली घेतला आणि हसल्या.

रुखमाबाई मात्र खाली वाकल्या होत्या. पैठणीतल्या आपल्या बाहुलीवर त्यांचं बोट होतं. तिचा उजवा खांदा खाली होता.

"हे तुले माहीत होतं?"

"तुमच्या पहिल्या ब्लाउजपासून."

"कधी बोलली नाई."

"त्याच्यात बोलाचं काय हाय?"

रुखमाबाईंनी पदरानं डोळे टिपले. "मी सगळ्याइपासून लपवून राह्यली होती, न् तू शिवून लपवून राह्यली होती."

मोनाली कवठात डोकं घालून मोजत होती. "पण नंदाबाई, तुम्ही कुठं आहात यात?"

नंदाबाईनं वाकून पाहिलं. खरंच की. इतक्या महिन्यांत स्वतःची बाहुली करायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. साऱ्यांची कापडं निघाली होती, पोत्यात तिचा तुकडाही असेल, पण हात तिथं गेलाच नव्हता. मग तिनं मान वर केली. सगळ्या जणी तिच्याकडेच बघत होत्या. कुणाच्याही चेहऱ्यावर उत्तर तयार नव्हतं.

"मी कायले आत बसू?" ती म्हणाली. "डबा हालवणारी बाहेरच राह्यते."

सगळ्यांत मोठ्यानं हसल्या त्या अनघाताई, आणि टाळ्याही पहिल्यांदा त्यांनीच वाजवल्या.

कवठ कुणाला द्यायचं यावरून मग जे भांडण लागलं, ते भुलाबाईनंही कधी ऐकलं नसेल. नंदाबाईनं ते मिटवलं. कवठ रुखमाबाईंच्या ओटीत ठेवून ती म्हणाली, "तुमी तं ओळखलं होतं, आजी. गमतीवर नेलं म्हनून वाचली मी." आणि मग नियमाप्रमाणे आपली वस्तू निवडायला वळली, मोनालीचा हात बाजूला सारला आणि तिच्या मांडीवरचं पळसाचं चित्र उचललं. मोनालीनं कपाळावर हात मारला.

बाहेर श्रावण थांबला होता. ऑटो सुरू करता करता त्यानं विचारलं, "कोणं ओळखलं?"

"कोणीच नाई."

"अनघा मॅडमनबी?"

"त्याइनबी हरलो म्हटलं."

श्रावणनं गिअर टाकला. दत्त चौक गेला. आरशातून त्यानं दोनदा तिच्याकडे पाहिलं. ती चित्र मांडीवर धरून रस्त्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा त्याला वाचता येत नव्हता. त्यानं ऑटो एका कडुलिंबाखाली घेतला आणि इंजीन बंद केलं. मागून कुणीतरी हॉर्न दिला, तिकडे त्यानं लक्ष दिलं नाही. तो सीटवर पूर्ण वळून बसला.

"हरलो, नंदा," तो म्हणाला. "आता तं सांग."

नंदाबाईनं पदर सावरला आणि बोरांपासून सांगायला सुरुवात केली. ती सांगत होती आणि श्रावण ऐकत होता. एकदाही त्यानं पुढचं आधी सांगितलं नाही.