ॲव्हरेज आणि आईंचा गुरुवार

माझा नवरा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात आणि हा त्यावरून दात, हिरड्या, टाळू सगळं हुबेहूब करून देतो. त्याच्या कवळीत फट म्हणून सापडायची नाही. अशा माणसाच्या हाती जुनी हायब्रिड गाडी आणि इंटरनेट एकाच वेळी पडू नये. पण पडलं.

गाडी आम्ही सेकंडहँड घेतलेली. पेट्रोलवर चालते, बॅटरीवर चालते, ब्रेक दाबला की बॅटरी भरून घेते, आणि कधी काय करायचं ते तिचं ती ठरवते. आमच्या घरात इतकी समजूतदार ती एकटीच. तर झालं असं, की शेजाऱ्याने नवी कोरी गाडी घेतली आणि कुंपणावरून वाकून तिचं ॲव्हरेज सांगितलं. नवरा "वा वा" म्हणाला, घरात आला, आणि जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी टायरांत इतकी हवा भरली गेली, की रस्त्यातला खडा न् खडा मला पाठीच्या कण्यात कळायला लागला. मग पुढच्या जाळीत फोमच्या पट्ट्या बसल्या, थंड वारा आत जाऊ नये आणि इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून. गाडीच्या पोटाला एका बंद पडलेल्या दुकानाचा प्लॅस्टिकचा बोर्ड कापून लावला. खालून वारा सरळ निघून जातो म्हणे. बोर्डावर 'भव्य सूट' एवढी अक्षरं अजून दिसतात, पण ती वाचायला गाडीखाली मांजराशिवाय जातं कोण? शेवटी त्याची नजर बंपरच्या आणि दिव्यांच्या फटींवर गेली. फट बघून त्याचे हात शिवशिवतातच. कामावरचा हिरड्यांचा मसाला आणून त्याने एकेक फट बुजवली, बोटाने गुळगुळीत केली. गुलाबी.

"अरे, गाडीला हिरड्या आल्या की!" मी म्हणाले.

"वाऱ्याला रंग कळत नाही," तो म्हणाला.

गाडी चालवण्याची तऱ्हाही बदलली. लांबवर लाल दिवा दिसला की हा पाय काढून घेणार आणि गाडी घरंगळत नेणार. मागचे हॉर्न वाजवतात, ते याला टाळ्या वाटतात. मी ॲक्सिलरेटर 'लाथाडते' या कारणावरून माझ्या हाती स्टिअरिंग द्यायचं बंद झालं. डॅशबोर्डवर एक छोटा स्क्रीन आहे, त्यावर लिटरमागे किती किलोमीटर ते दिसतं. दशांश चिन्हानंतरचा आकडा एकाने वाढला की त्या दिवशी भांडी तो घासायचा. म्हणून मीही फार बोलले नाही.

मग आलं वजन. स्टेपनी गेली, जॅक गेला, छत्र्या गेल्या. माझ्या जास्तीच्या चपला गेल्या. आणि एका बुधवारी संध्याकाळी त्याने डिकीतून आईंची चाकाची खुर्ची काढली, बाथरूममधला वजनकाटा अंगणात आणला आणि खुर्ची त्यावर तोलून धरली.

"बावीस किलो!" तो ओरडला. "आई, बावीस किलो आहे ही!"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या दारात वॉकर धरून उभ्या होत्या. घरात वॉकर पुरतो, बाहेर खुर्ची लागते. उभी हयात त्यांनी ट्रकच्या वजनकाट्यावर नोकरी केली. ट्रक काट्यावर चढला की काचेआडून भरलेलं वजन लिहायचं, माल उतरवून आला की रिकामं वजन लिहायचं, आणि मधल्या मध्ये ड्रायव्हर काय लबाडी करतो ते त्याच्या तोंडावरून ओळखायचं.

"आणि माझं?" त्या म्हणाल्या.

"तुझं काय?"

"माझं वजन कर ना. काटा बाहेर काढलाच आहेस."

"काहीतरीच काय, आई!" असं तो म्हणाला खरा. पण त्याआधी क्षणभर थांबला. तेवढ्या क्षणात त्याने आकडेमोड केली. मला दिसलं, तर त्यांना दिसणार नाही?

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आईंचा गुरुवार म्हणजे ठरलेला. चाळीसेक किलोमीटरवर दुसऱ्या गावात एक वृद्धाश्रम आहे, तिथे त्यांची काट्यावरची मैत्रीण असते. आई उंच आणि ती बुटकी, म्हणून आई तिला बुटकीच म्हणतात आणि ती आईंना उंच. खरं नाव मला लग्नानंतर कित्येक वर्षांनी कळलं. बुटकीबाईंना आता काही आठवत नाही. मुलं आठवत नाहीत, नवरा होता हे आठवत नाही. आई मात्र आठवायच्या. "दर आठवड्याला थोडी पुसली जाते मी," आई सांगायच्या, "गुरुवारी जाऊन पुन्हा गिरवून यावं लागतं."

त्या गुरुवारी नवरा तयार होऊन गाडीपाशी उभा राहिला. खुर्चीही त्याने मुकाट्याने परत डिकीत ठेवली होती. आई खोलीतूनच म्हणाल्या, "आज गुडघा दुखतोय."

पुढच्या गुरुवारी पाठ दुखली. त्याच्या पुढच्या गुरुवारी काय दुखलं ते सांगायचीही तसदी त्यांनी घेतली नाही.

मी म्हणाले, "आई, टॅक्सी बोलावते, मी येते तुमच्याबरोबर."

"टॅक्सीवाला मीटर बघतो, आमचे चिरंजीव स्क्रीन बघतात. मला बघणारा ड्रायव्हर मिळाला की सांग."

"मग मी चालवते."

"म्हणजे परत आल्यावर हा त्या आकड्यापाशी बसून उसासे टाकणार, आणि ते मी भिंतीआडून ऐकायचे. नको गं." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "बुटकीला कुणी सांगितलं असेल का, की मला बरं नाहीये?"

"मी फोन केला होता."

"काय म्हणाली?"

मी म्हटलं, झोपल्या होत्या. खरं म्हणजे तिथल्या बाईंनी विचारून पाहिलं होतं आणि बुटकीबाई "कोण उंच?" म्हणाल्या होत्या.

नवऱ्याला यातलं काही कळत नव्हतं असं नाही. एकदा रात्री जेवताना तो म्हणालाही, "आई चिडली आहे का?" मी म्हटलं, "तूच विचार." त्यावर तो आमटी वाढून घ्यायला लागला. आईची समजूत कशी काढायची हे इंटरनेटवर नव्हतं. शिवाय त्याच्यावर एक मोठं संकट कोसळलं होतं. ॲव्हरेज उतरत होतं.

एवढं सगळं करून! खुर्ची पुन्हा घरात, आई नाहीत, गाडी रिकाम्या डब्यासारखी हलकी, आणि आकडा रोज खाली. त्याने हिरड्या खरवडून पुन्हा भरल्या. पेट्रोलपंप बदलला. थंडीला दोष दिला. माझ्या पर्समध्ये काय काय आहे ते विचारलं, तेव्हा मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा थंडीकडे वळला. भांडी परत माझ्याकडे आली.

मग एके दिवशी तो जेवणाच्या टेबलाशी धावतच आला, हातात फोन. "सापडलं! अगं, छोट्या चकरा! तुझं दुकान, माझी लॅब, घर. इंजिन गरम होईपर्यंत आपण पोचलेले असतो. थंड इंजिन पेट्रोल पितं, नि बंदही होत नाही. त्याला लांबचा रस्ता पाहिजे, सपाट, सलग. एकदा गरम झालं की मग ते मजेत बंद राहतं, बॅटरीवर पळतं. आपला आकडा वर होता तो त्या..."

तो थांबला. मी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

"त्या कशामुळे?" आईंनी विचारलं. त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोळीचा तुकडा मोडत बसल्या होत्या.

"तुझ्या गुरुवारमुळे," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "म्हणजे, एका चकरेत तू आठवड्याभराची भरपाई करत होतीस."

"बावीस किलो धरून?"

"सपाट रस्त्यावर वजनाचं फारसं काही नसतं, आई."

"हे आधी माहीत नव्हतं?"

"वाचलं नव्हतं."

मला वाटलं आता आई उठून खोलीत जातील, आणि मी तर त्याला टेबलाखालून लाथ मारायच्या तयारीत होते. आई रागावली म्हणून नाही, आईला मैत्रिणीची आठवण येते म्हणून नाही, तर लिटरमागच्या आकड्यासाठी हा त्यांना न्यायला निघाला होता! पण आईंच्या चेहऱ्यावर काही वेगळंच होतं. एखादा सौदा मनाजोगा जुळावा तसं.

"मग उद्या गुरुवारच आहे," त्या म्हणाल्या. "नऊला निघू."

रात्री त्यांच्या पायाला तेल चोळताना मी म्हटलं, "आई, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"कशाचं? कर्तव्य म्हणून नेणारा माणूस कंटाळतो. आज पाऊस आहे, आज पाहुणे आहेत. मी बघितलंय ना त्याचं तोंड, स्टिअरिंगमागे, जांभया देताना. आकड्याच्या नादाने नेणारा मरेपर्यंत नेईल. जरा टाचेला लाव."

गुरुवारी मी दुकानातून सुट्टी काढली आणि मागे बसले. नवऱ्याने वाटभर इंजिनाचं तापमान समजावून सांगितलं, आणि आई "हो का?", "मग?" असं मन लावून विचारत होत्या. भाडं म्हणून. फक्त वृद्धाश्रमाचं फाटक दिसलं तेव्हा त्या रुमालाने उगीचच चष्मा पुसायला लागल्या.

बुटकीबाई व्हरांड्यात उन्हाला बसल्या होत्या. नवऱ्याने खुर्ची ढकलत त्यांच्यासमोर नेली. त्यांनी आईंकडे बघितलं, खालून वर, वरून खाली. परक्या माणसाकडे बघतात तसं, सभ्यपणे.

"कोण आपण?"

नवरा घाईघाईने म्हणाला, "मावशी, अहो ही आई, आपली..."

आईंनी नुसतं बोट वर करून त्याला गप्प केलं.

"मी नवी आहे इकडे," त्या म्हणाल्या. "म्हटलं, ओळख करून घ्यावी."

"मग बसा. अरे हो, बसायला घरूनच घेऊन आलात. बरं केलंत, इथल्या खुर्च्या डुगडुगतात." बुटकीबाई हसल्या. "काय करायचात तुम्ही?"

"वजनकाट्यावर होते. ट्रकच्या."

"मीसुद्धा! बाई, केवढी ती धूळ."

"आणि ते ड्रायव्हर! एक चाक हळूच काट्याबाहेर ठेवून उभे राहायचे."

"आमच्याकडे नाही चालायचं. आमच्याकडे एक होती, खिडकीतून अर्धी बाहेर येऊन शिव्या घालायची." बुटकीबाईंनी आवाज खाली आणला. "ती येते मला भेटायला. दर गुरुवारी. तुम्ही आलात तर भेटेल."

"कशी आहे?"

"उंच आहे. बोलते फार."

"असल्या बायकांनी डोकं उठतं माझं," आई म्हणाल्या.

"माझं नाही उठत," बुटकीबाई जरा फणकाऱ्यानेच म्हणाल्या. "हल्ली आली नाही. कामात असेल. तुम्ही पुन्हा याल?"

"येईन की. तीही आली तर तिघी बसू."

नवरा खांबापाशी उभा होता. तो वळला आणि गाडीकडे गेला, आणि बराच वेळ बंपरवरची हिरडी अंगठ्याने चेपत राहिला. तिथे चेपण्यासारखं काही नव्हतं. मी बघून आले होते.

परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. रस्ता सरळ, मोकळा, इंजिन कधी बंद होतंय कधी चालू होतंय ते कळतही नव्हतं. आई खिडकीतून बाहेर बघत होत्या. इंजिनाच्या तापमानाबद्दल कुणी काही सांगत नव्हतं. निम्म्या वाटेत नवऱ्याने विचारलं,

"आई, सोमवारीपण येऊ या का?"

"सोमवारी कशाला?"

तो समोरच बघत होता. "ॲव्हरेजसाठी."

आईंनी त्याच्याकडे बघितलं. काचेआडून बघायच्या तसं, पूर्ण, सावकाश.

"ॲव्हरेजसाठी असेल तर येते," त्या म्हणाल्या. "सोमवारी, आणि शनिवारीसुद्धा. मधे फार गार पडू द्यायला नको."