बटणांच्या डब्याचं झाकण

घड्याळजींना आपल्या हातांचा भारी अभिमान. जो माणूस डोळ्याला भिंग लावून तांदळाएवढा स्क्रू बसवतो, त्याला गाडीच्या गंजक्या पाइपांची काय मातब्बरी? तीन वर्षांपूर्वी इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांना, म्हणजे हेडरना, चीर पडली, तेव्हा त्यांनी घरीच पत्र्याचा तुकडा आवळून ती बुजवली होती. आवाज थांबला आणि यांची कॉलर ताठ झाली.

आता मात्र गाडी म्हाताऱ्या ट्रकसारखी खोकायला लागली, तेव्हा नाक मुठीत धरून मिस्त्रीकडे यावं लागलं. परतताना दवाखान्यात जायचं म्हणून बायकोही सोबत होती. तिचं डोकं दुखायचं. गाडीत बसलं की हमखास. ‘तुझं डोकंच मुळात नाजूक,’ हे घड्याळजींचं ठरलेलं निदान. तिने काच खाली केली की ते म्हणत, “धूळ येते, लाव.” स्वतःचं कोपर मात्र कायम खिडकीबाहेर.

मिस्त्रीने बोल्टांवर तेल सोडलं, तरी दोन तुटलेच. त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याने जुने हेडर उपटून फरशीवर टाकले. आवळलेला पत्रा सुटून बायकोच्या पायाशी येऊन पडला.

“हा कुठल्या दीडशहाण्याचा उद्योग?” मिस्त्रीने विचारलं.

“आधीच्या मालकाचा असेल,” घड्याळजी चटकन म्हणाले. गाडी वीस वर्षं त्यांच्याकडेच होती.

बायकोने पत्रा उचलला. अंगठ्याने काजळी पुसली तशी त्यावरची उठावाची फुलं दिसली. तिच्या बटणांच्या डब्याचं झाकण! तिने ते घरभर शोधलं होतं, आणि ‘तूच वेंधळी, ठेवलं असशील कुठेतरी,’ हेही ऐकून घेतलं होतं. धरणीने पोटात घ्यावं असं घड्याळजींना झालं. तुकडा रुमालात गुंडाळून तिने पर्समध्ये ठेवला.

मिस्त्री नवे हेडर बसवायला वाकला होता. “काकू, त्या चिरेतून विषारी धूर गाडीत येत होता बरं का. समोरच्या हवेच्या जाळीतून थेट तुमच्या तोंडावर. डोकं नाही दुखायचं तुमचं?”

घड्याळजी तिच्याकडे बघेनात.

“तसं काही नाही हो,” ती म्हणाली. “माझं डोकंच मुळात नाजूक.”

चारचौघांत तिने शिव्या घातल्या असत्या तरी त्यांना एवढं लागलं नसतं. त्यांचंच वाक्य घेऊन ती त्यांची अब्रू झाकत होती.

“मिस्त्री,” ते कसेबसे म्हणाले, “तो दीडशहाणा मीच. आणि हिचं डोकं दुखतं. तीन वर्षं दुखतंय. मी ऐकलं नाही.”

मिस्त्री हातातच असलेला पाना इकडेतिकडे शोधायला लागला.

परतताना गाडी अगदी गुपचूप चालली होती. इतकी, की दोघांचं न बोलणं ऐकू यावं. दवाखान्याचं वळण आलं तेव्हा तिनेच विचारलं, “जरा काच उघडू का?”

त्यांना पुढचं दिसेना. त्यांनी गाडी कडेला घेतली, वाकून तिच्या बाजूची काच स्वतः पार खाली केली.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “यापुढे मला विचारू नकोस गं.”

“सवय झालीय,” ती म्हणाली.